हेकट फलनांची बैजिक शिस्त

संमिश्र प्रतलावरचे विश्लेषिक फलन एका वर्तुळात ठाऊक असले, की पुष्कळदा ते वर्तुळाबाहेरही वाढवता येते. १ + क्ष + क्ष² + क्ष³ + … ही श्रेणी एकक वर्तुळाच्या आतच अभिसारी आहे. पण तिची बेरीज १/(१ − क्ष) असून हे सूत्र १ हा बिंदू सोडून सगळीकडे चालते. काही फलने मात्र परिघावर कुठूनच बाहेर नेता येत नाहीत. अशा हेकट फलनांविषयीचे चार गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : ही फलने म्हणजे दुर्मीळ अपवाद.
वस्तुस्थिती : फ(क्ष) = क्ष + क्ष² + क्ष⁴ + क्ष⁸ + … ही साधीच श्रेणी घ्या. क्ष आतून १ कडे सरकला, की फ अनंताकडे जाते. शिवाय फ(क्ष) = क्ष + फ(क्ष²), म्हणून −१ पाशीही तेच घडते, मग त्याच्या वर्गमुळांपाशी, मग त्यांच्या वर्गमुळांपाशी. हे बिंदू परिघावर इतके दाट आहेत, की वाट कुठेच उरत नाही. किर्स्ट आणि श्पिलराइन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की बेअर प्रवर्गाच्या (म्हणजे संच किती ‘मोठा’ हे ठरवणाऱ्या एका कसोटीच्या) अर्थाने वर्तुळातली बहुतेक विश्लेषिक फलने हेकटच असतात.

गैरसमज : दोन हेकट फलनांची बेरीज हेकटच.
वस्तुस्थिती : फ आणि क्ष − फ ही दोन्ही हेकट आहेत, त्यांची बेरीज मात्र नुसती क्ष. म्हणजे हेकट फलनांचा संच बेरजेला बंदिस्त नाही, म्हणून तो सदिश अवकाश नाही.

गैरसमज : मग त्यात बैजिक रचना शोधणे व्यर्थ.
वस्तुस्थिती : खरा प्रश्न असा, की शून्य फलन वगळता सगळेच सदस्य हेकट असतील असा मोठा सदिश अवकाश या संचात मावतो का? मावतो. फ, फ², फ³ … यांपासून स्थिरपद नसलेली कोणतीही शून्येतर बहुपदी बनवा. वरच्या दाट बिंदूंकडे त्रिज्येवरून जाताना फ अनंताकडे जाते, म्हणून बहुपदीही जाते, तीही हेकटच. या बहुपदींचा अवकाश अनंतमितीय आहे आणि त्यात गुणाकारही चालतो. २००१ मध्ये आरोन, गार्सिया आणि माएस्त्रे यांनी याहून कितीतरी व्यापक निष्कर्ष सिद्ध केले.

गैरसमज : ‘बहुतेक’ फलने एखाद्या प्रकारची असली, की त्यांच्यात अशी रचना आपोआप मिळते.
वस्तुस्थिती : हेकट फलने सोडून दुसरा एक प्रकार पाहा. बर्कहॉफ यांनी १९२९ मध्ये असे फलन दाखवले, की ते सरकवत नेले तर संपूर्ण प्रतलावरच्या कोणत्याही विश्लेषिक फलनाच्या हवे तितके जवळ जाते. अशी फलने बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यात अनंतमितीय सदिश अवकाशही मावतो. पण त्यांतल्या एकाचाही वर्ग तसा नसतो. वर्गाची शून्ये नेहमी सम पटीची असतात. त्यामुळे हुर्विट्झच्या प्रमेयानुसार तो एकेरी शून्य असलेल्या क्ष या फलनाजवळ पोहोचूच शकत नाही. याउलट मॅकलेन यांच्या १९५२ च्या फलनांत सरकवण्याऐवजी पुनःपुन्हा विकलन केले जाते. तिथे गुणाकारालाही बंदिस्त असा अवकाश सापडतो. हे श्कारिन यांनी, तसेच बायार आणि मातेराँ यांनी सिद्ध केले आहे.

तेव्हा एखाद्या संचात फलने किती आहेत, एवढ्यावरून त्याची रचना ठरत नाही. बेरीज टिकते का आणि गुणाकार टिकतो का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक संचासाठी ते स्वतंत्रपणेच सोडवावे लागतात.