दिले कायद्याने, नेले जीआरने

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा राज्य जेमतेम दोन वर्षांचं होतं. पानशेतच्या पुराला वर्षही उलटलं नव्हतं, आणि नव्या राज्यात आपलं काय होणार ही विदर्भ-मराठवाड्याची धाकधूक संपलेली नव्हती. अशा वेळी कुठलाही सावध राज्यकर्ता अधिकार मुंबईत घट्ट धरून बसला असता. यशवंतराव चव्हाणांनी उलट केलं. राज्य स्थापन होऊन दोन महिने व्हायच्या आत त्यांनी महसूलमंत्री वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मार्च 1961 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षी कायदाही झाला. आजच्या समित्यांचा वेग पाहिला की हे दंतकथेसारखं वाटतं.

नाईक समितीचं खरं धाडस वेगात नव्हतं. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये त्रिस्तरीय रचना सुचवताना वजन दिलं होतं ते गटपातळीला. जिल्ह्यात सल्ला देणारी परिषद आणि तिच्या डोक्यावर जिल्हाधिकारी. नाईक समितीने जिल्हा हाच कणा मानला, जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवलं आणि आयएएस दर्जाचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडून आलेल्या परिषदेच्या हाताखाली दिला. आमदार-खासदारांनाही आत जागा ठेवली नाही. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, जिल्हा रस्ते, लहान पाझर तलाव, गुरांचे दवाखाने असं सगळं परिषदेकडे गेलं. गावोगावचे लोक तिला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागले, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुक जास्त होतं.

या शाळेतून माणसं घडली हे नाकारता येत नाही. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख पुढे मुख्यमंत्री झाले. सांगली जिल्हा परिषदेत दशकभर बसलेल्या आर. आर. पाटलांनी ग्रामविकासमंत्री म्हणून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं. गावाला कशाची स्पर्धा चढते हे त्यांना सचिवालयाच्या टिपणीवरून शिकावं लागलं नव्हतं.

पण ज्यांना आत जागा नव्हती ते आमदार गप्प बसणार होते थोडेच? मतदारसंघात रस्ता झाला की श्रेय जिल्हा परिषद सदस्याला, आणि पुढच्या विधानसभेला तोच समोर उभा. 1974 मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळं आली. अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे जिल्ह्यातला पैसा कुठे जायचा ते ठरवणारी बैठक जिल्हा परिषदेच्या सभागृहातून उठून मंत्र्याच्या टेबलाशी गेली. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईकच. ज्यांच्या समितीने घर बांधलं, त्यांच्याच कारकिर्दीत तिजोरीची किल्ली शेजारी गेली. माझ्या मते या साठ वर्षांतलं सगळ्यात मोठं वळण हेच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. जिल्हा परिषदेचा कायदा कुणी रद्द केला नाही. त्याची गरजच पडली नाही. एकेक शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघत गेला.

निवडणुकांचंही तेच. 1972 नंतरची निवडणूक 1979 ला, आणि त्यानंतरची थेट 1992 ला. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाने जिल्हा परिषदा बायकांनीच लढवायच्या असं ठरवलं. निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने मात्र 1989 मध्ये ग्रामपंचायतीत सगळ्या महिलाच निवडून दिल्या, आरक्षणाची वाट न पाहता.

24 एप्रिल 1993 पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि वाटलं, आता टाळाटाळ संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची असं घटनेतच आलं, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. 2011 मध्ये महाराष्ट्राने एकूण जागांपैकी निम्म्या त्यांना दिल्या. ‘सरपंचपती’ नावाचं पद कायद्यात नाही, पण तो पंचायतीच्या खुर्चीवर बसलेला कुणी पाहिला नाही? तरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बाईला बँकेत सही करायला सोबत लागत नाही, हेही तेवढंच खरं.

ग्रामसभेचं रजिस्टर एकदा उघडून पाहावं. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे पुढच्या बैठकीत ग्रामसेवक, चार सदस्य आणि पारावरचे दोघे मिळून घरकुलांची यादी मंजूर करतात. उरलेल्या सह्या नंतर घरोघर फिरून होतात. कागदावर नियम कुठेही मोडलेला नसतो.

जिल्हा परिषदेचा खरा हंगाम मात्र असे मे महिना, बदल्यांचा. शिक्षकाला घराजवळची शाळा हवी असे, सदस्याला त्याची किंमत माहीत असे. सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टंचाईवर जितका घसा कोरडा होई त्याहून जास्त बदल्यांवर. 2017 चा शासन निर्णय आला, बदल्या संगणकावर गेल्या आणि बहुतेक गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना दोष देता येणार नाही. पण प्रत्येक गैरव्यवहारावर आपल्याकडे एकच औषध आहे, अधिकार वर नेणे. मंत्रालयात बदल्यांचा बाजार भरतो तेव्हा कुणी मंत्रालय बंद करा म्हणत नाही.

धरसोड तर विचारू नये. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं 2017 मध्ये ठरलं, सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि पुन्हा थेट निवड आली. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळात पंचायतींचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. गावांना बरं वाटलं. पंचायत समितीच्या सभापतीकडे मात्र गाडी उरली आणि काम उरलं नाही.

मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, मग सदस्यांच्या मतदारसंघांच्या (गटांच्या) रचनेचा आला, आणि मुंबईत कुठल्याच पक्षाला घाई नव्हती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. त्या तीन वर्षांत प्रशासक होते मुख्य कार्यकारी अधिकारी. परिषदेचे अधिकार प्रशासकाकडे असतात, त्यामुळे गळक्या शाळेच्या छपराचा प्रस्ताव ते तयार करून घेत, सर्वसाधारण सभा म्हणून स्वतःच मंजूर करत आणि अंमलबजावणीसाठी स्वतःकडेच पाठवत. ‘हे छप्पर आधी का नाही?’ असं सभागृहात उभं राहून विचारणारा सदस्य तेवढा नव्हता.