डेटाच्या नोकरीची पहिली पायरी

लासलगावच्या बाजार समितीत रोज किती कांदा आला, त्याला काय भाव मिळाला, याची नोंद केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’वर कुणालाही पाहता येते. डेटाच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्याला सरावासाठी हे उदाहरण उत्तम.

इथे मुख्यतः तीन वाटा फुटतात. अशा नोंदी रोज गोळा होऊन नीट साठतील, अशी यंत्रणा उभारतो तो डेटा इंजिनिअर. आवक वाढली की भाव किती पडतो, हे शोधून आलेखांत मांडतो तो डेटा अ‍ॅनालिस्ट. पुढच्या महिन्याचा अंदाज बांधणारं गणिती मॉडेल तयार करतो तो डेटा सायंटिस्ट. छोट्या कंपनीत मात्र ही तिन्ही कामं अनेकदा एकाच्याच गळ्यात पडतात.

नवख्यांना सहसा अ‍ॅनालिस्टची वाट सोपी जाते. एक्सेल, एसक्यूएल आणि प्राथमिक संख्याशास्त्र एवढ्या शिदोरीवर सुरुवात होते; पायथॉन मागाहून शिकता येतं. पदवीच हवी असेल, तर आयआयटी मद्रासने 2020मध्ये सुरू केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्याला जेईईची अट नाही.

खरा वेळ खातात त्या चुकलेल्या तारखा, दुबार नोंदी आणि रिकामे रकाने. ही साफसफाई करून तडीस नेलेला एखादा प्रकल्प मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांसोबत जरूर न्यावा.