विषाणू गेला, तरी तपासणी हवी

'हिपॅटायटिस सी' या यकृताच्या आजारावरील गोळ्या २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत मिळतात. साधारणतः बारा आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्णांच्या रक्तातील विषाणू नाहीसा होतो व यकृताच्या कर्करोगाचा धोकाही बराच घटतो. परंतु उपचारापूर्वीच सिऱ्होसिस होऊन यकृत कठीण झाले असल्यास हा धोका पूर्णतः टळत नाही. जमाखर्चाच्या भाषेत, मागील बाकी पुढे ओढली जाते. गाठ आरंभी दुखत नाही. म्हणून अशा रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरून तपासणीस येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. कुटुंबीयांनी तपासणीची तारीख सांभाळावी व दात्यांनी प्रवासखर्चास हातभार लावावा, ही नम्र विनंती.