डिझेलचा प्रवास : पंपाच्या नोझलपासून ट्रॅक्टरच्या इंजिनापर्यंत

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की पेरणीची घाई सुरू होते आणि पेट्रोल पंपांवर ट्रॅक्टर व डिझेलच्या कॅनची रांग लागते. डिझेल भरताना शेतकरी यंत्रावरील आकड्यांकडे बारकाईने पाहतो. माप कमी तर मिळत नाही ना, ही शंका स्वाभाविकच आहे. मात्र त्यानंतर तेच डिझेल कोणत्या भांड्यातून आणि किती स्वच्छ अवस्थेत इंजिनापर्यंत पोहोचते, याकडे तेवढे लक्ष दिले जात नाही. मापातील काही मिलिलिटरच्या तुटीपेक्षा टाकीत शिरलेले पेलाभर पाणी कितीतरी महाग पडते. पंपाचे कार्य आणि टाकी भरण्याची योग्य पद्धत समजून घेतल्यास ही दोन्ही नुकसाने टाळता येतात.

जमिनीखालील टाकीतून नोझलपर्यंत

पेट्रोल पंपावरील इंधन जमिनीखाली पुरलेल्या मोठ्या टाक्यांमध्ये साठविलेले असते. ते वर आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वितरण यंत्राच्या आतच मोटार व पंप असून तो इंधन खालून ओढून घेतो. दुसऱ्या पद्धतीत विहिरीतील पाणबुडी पंपाप्रमाणे टाकीतच बसविलेला पंप इंधन वर ढकलतो. ओढणाऱ्या पंपात इंधनासोबत हवा येण्याची शक्यता असल्याने ती वेगळी करणारा कप्पा यंत्रात असतो. अन्यथा ग्राहकाला हवेचेही पैसे मोजावे लागले असते.

गाळणीतून गेल्यावर इंधन मापकात येते. मापकातील दट्ट्ये ठरावीक आकारमानाचे इंधन घेतात व पुढे सोडतात. त्यांच्या हालचालीमुळे एक दांडा फिरतो व त्या फेऱ्यांचे विद्युत स्पंदांमध्ये रूपांतर होते. यंत्र या स्पंदांवरून लिटर मोजते आणि दराने गुणून रक्कम दाखविते. म्हणजेच यंत्र मोजते ते आकारमान; रुपये हा केवळ गुणाकार असतो. त्यामुळे १००० ऐवजी १०१० रुपयांचे डिझेल घेतल्यास माप अधिक चोख मिळते, या समजुतीला आधार नाही.

मापाची पडताळणी

वितरण यंत्राची पडताळणी वैध मापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी केली जाते व मापकाला मोहोर लावली जाते. पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असते. शंका आल्यास ग्राहकाने या मापात इंधन भरून दाखविण्याची मागणी करावी. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य मानला जातो. या हिशेबाने ६० लिटरच्या टाकीत जास्तीत जास्त ३०० मिलिलिटरचा फरक पडू शकतो. त्याहून अधिक तूट आढळल्यास तक्रार करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

मापाइतकीच घनताही महत्त्वाची असते. डिझेलमध्ये रॉकेलसारखा हलका पदार्थ मिसळल्यास घनता घटते. पंपावर हायड्रोमीटरने घनता मोजून ती १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रमाणात नोंदविलेली असते. नोंद व प्रत्यक्ष मोजणी यांत घनमीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक असल्यास भेसळीची शंका घेण्यास जागा असते.

पहाटे थंड हवेत भरलेले डिझेल जास्त मिळते, असेही मानले जाते. तापमान १ अंशाने वाढल्यास डिझेलचे आकारमान सुमारे ०.०८ टक्के वाढते, हे खरे आहे. परंतु जमिनीखालील टाकीतील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. त्यामुळे पहाटे आणि दुपारी मिळणाऱ्या इंधनातील फरक नगण्य असतो.

नोझल आपोआप कसे बंद होते?

टाकी भरताच नोझल ‘खट्’ आवाज करून बंद होते. ही क्रिया विजेवर नव्हे, तर हवेच्या दाबावर चालते. नोझलच्या टोकाजवळ एक लहान छिद्र असून त्यातून एक बारीक नळी आत जाते. इंधन नोझलमधील अरुंद भागातून वेगाने वाहताना तेथे दाब कमी होतो व या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकीतील इंधनाची पातळी वाढून छिद्र बुडाले की हवा मिळणे थांबते. त्यामुळे आतील पडदा खेचला जाऊन खटका सुटतो व झडप बंद होते.

डिझेलला फेस अधिक येत असल्याने खटका काहीसा लवकरही सुटू शकतो. तरीही टाकी काठोकाठ भरू नये. ६० लिटर डिझेलचे तापमान उन्हात १५ अंशांनी वाढल्यास आकारमान सुमारे पाऊण लिटरने वाढते. वर मोकळी जागा नसल्यास तेवढे डिझेल सांडते. तसेच ट्रॅक्टरच्या रुंद तोंडाच्या टाकीत किंवा कॅनमध्ये नोझलचे टोक वरच राहिल्यास खटका वेळेवर सुटत नाही. म्हणून अशा वेळी केवळ खटक्यावर विसंबून राहू नये.

ट्रॅक्टरमधील पंप

टाकीतील डिझेल प्रथम फीड पंप ओढतो आणि फिल्टरमधून पुढे पाठवितो. त्यानंतर ते फ्युएल इंजेक्शन पंपात येते. प्रचलित पद्धतीच्या पंपात बारीक प्लंजर त्याच्या नळकांड्यात वरखाली होऊन डिझेलवर प्रचंड दाब निर्माण करतो. सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २०० पट दाब झाल्यावर इंजेक्टर उघडतो व डिझेल धुक्यासारखे फवारले जाते.

या कामातील अचूकता विलक्षण आहे. तीन सिलिंडरचे चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असल्यास प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० वेळा डिझेल फवारले जाते. तासाला ६ लिटर डिझेल लागत असेल, तर प्रत्येक फवाऱ्यात एका थेंबाहूनही कमी डिझेल असते. इतके सूक्ष्म माप साधण्यासाठी प्लंजर व नळकांडे यांतील फट अवघी २ ते ३ मायक्रॉन ठेवलेली असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. या भागांना वंगण मिळते तेही डिझेलचेच. पाणी वा रॉकेल वंगणाचे काम करू शकत नाही. परिणामी प्लंजर घासतो, गंजतो किंवा अडकून बसतो.

भारतात ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यानंतर या गटात आलेल्या कॉमन रेल इंजिनांत दाब १००० बारहून अधिक असतो. त्यामुळे स्वच्छ इंधनाची गरज आणखी वाढली आहे.

पाणी, धूळ आणि हवा

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, तेव्हा आतील हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट साका फिल्टर तुंबवितो. म्हणून टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपल्यावर भरणे श्रेयस्कर ठरते. टाकी भरलेली असल्यास बाष्पयुक्त हवेला जागाच उरत नाही.

टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नळ्यांमध्ये हवा शिरते. हवा दाबली जात असल्याने इंजेक्टर उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी टाकीत डिझेल भरून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व फीड पंपाचा हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागल्यावर स्क्रू घट्ट करावा. हीच कृती इंजेक्शन पंपावरील स्क्रूवरही करावी. कॉमन रेल इंजिनातील उच्च दाबाच्या नळ्या मात्र शेतात कधीही सैल करू नयेत. त्यातील फवारा त्वचेत शिरून गंभीर इजा होते.

डिझेल भरताना घ्यावयाची काळजी

• भरण्यापूर्वी यंत्रावर शून्य असल्याची व दराची खात्री करावी आणि पावती घ्यावी.
• इंजिन बंद ठेवावे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जात असल्याने डिझेल सहज पेट घेत नाही, असे समजणे धोक्याचे आहे.
• कॅन जमिनीवर ठेवूनच भरावा, ट्रॉलीत ठेवून भरू नये. जमिनीवरील कॅनमधील स्थिर विद्युतभार निघून जाण्यास मदत होते.
• कॅन केवळ डिझेलसाठीच वापरावा. कीटकनाशकाचा वा पाण्याचा कॅन धुऊनही वापरू नये.
• जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात डिझेल साठवू नये; जस्ताची डिझेलशी अभिक्रिया होते.
• साठविलेले डिझेल काही काळ स्थिर ठेवावे आणि तळाचे थोडे डिझेल टाकीत ओतू नये.
• टाकीच्या तोंडातील जाळी काढू नये. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी.
• फिल्टरखालील वाटीत साचलेले पाणी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून टाकावे.
• फिल्टर उत्पादकाने दिलेल्या तासांनुसार बदलावेत.

पेरणीसाठी मिळणारा वाफसा मोजक्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत इंजेक्शन पंप दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यावा लागल्यास दुरुस्तीच्या खर्चासोबत पेरणीची वेळही हातची जाते. त्यामुळे पंपावरील आकड्यांवर ठेवली जाणारी नजर कॅन, जाळी आणि फिल्टर यांवरही ठेवल्यास ट्रॅक्टर ऐन हंगामात खात्रीने साथ देईल.