आरशातील तोतया

बंगळूरला होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ या आद्याक्षरी नावाने सर्वपरिचित असलेली मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. म्हैसूर संस्थानच्या जुन्या मनोरुग्णालयाची परंपरा तिला लाभलेली असून आजचे रूप तिला १९७४ साली आले. तिथल्या मेंदूंच्या संग्रहालयात सामान्य माणसालाही प्रवेश आहे. आणि जो सुमारे १,३०० ग्रॅम वजनाचा फिकट गोळा तिथे पाहावयास मिळतो, त्याच्याच कृपेने मनुष्य रोज सकाळी दाढीचा साबण लावताना किंवा कुंकू रेखताना काचेतील मुद्रा आपलीच आहे याविषयी तिळमात्र शंका न घेता पुढल्या कामास लागतो, हे ध्यानी आले म्हणजे ज्या गोष्टीची आपण कधी दखलही घेत नाही ती किती विलक्षण आहे याची प्रचीती येते.

ही ओळख जन्मतः मिळत नाही. १९७० साली गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना गुंगी देऊन त्यांच्या भुवईवर व कानावर रंगाचा ठिपका लावला, आणि शुद्धीवर आल्यानंतर आरशात पाहून ते स्वतःच्याच ठिपक्याकडे हात नेतात असे दाखवून दिले. दोन वर्षांनी ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी बालकांच्या नाकास लाली लावून हीच कसोटी घेतली, तेव्हा बहुतेक मुले दीड ते दोन वर्षांच्या सुमारास तीत उतरतात असे आढळले. तोवर आरशातले बाळ हे केवळ खेळगडी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील ‘हॅपी’ नावाच्या आशियाई हत्तिणीने आपल्या मस्तकावरचे पांढरे चिन्ह सोंडेने चाचपल्याचे वृत्त २००६ साली प्रसिद्ध झाले. उलट आपल्या पडवीतल्या आरशावर चोची मारणारी चिमणी प्रतिस्पर्ध्याशी झुंजत असते. आणि माकडे तर आरशात पाहून आडोशाचे खाद्य हुडकू शकत असूनही, खास शिकवल्यावाचून, त्यातील मुखास आपले मानीत नाहीत. आरसा उमगणे निराळे आणि आरशातला मी उमगणे निराळे, हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

चांगदेव पासष्टीत ज्ञानदेवांनी मुख आणि दर्पण यांच्या दृष्टान्ताने द्रष्टा व दृश्य यांचे ऐक्य विशद केले. विज्ञानाने हाती घेतलेला प्रश्न त्यामानाने अल्प आहे: मेंदूच्या कोणत्या प्रांतात ही खातरजमा होते? २००१ साली ज्यूलियन कीनन व सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी ज्यांचा एकेक अर्धगोल औषधाने तात्पुरता बधिर केला जात होता अशा पाच रुग्णांना, त्यांचा स्वतःचा आणि एका प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा एकजीव केलेले चित्र दाखवले. डावा अर्धगोल बधिर असताना पाहिलेला चेहरा पुढे सर्वांना आपला म्हणून आठवला. उजवा बधिर असताना पाहिलेला मात्र बहुतेकांना त्या प्रसिद्ध व्यक्तीचा वाटला. डाव्या अर्धगोलाचाही वाटा नंतरच्या संशोधनात दिसून आला, तरी उजव्या बाजूची इजा आणि आत्मओळखीचा लोप यांची सांगड रुग्णालयांत पुनःपुन्हा आढळते.

हा लोप प्रत्यक्षात कसा दिसतो? मराठी वाचकास भाऊसाहेबांचा तोतया ठाऊक आहे. पानिपतानंतर उभा राहिलेला तो परका मनुष्य अनेकांनी आपला मानला, पुणे दरबाराला त्याची रीतसर शहानिशा करावी लागली आणि १७७६ साली त्यास देहदंड झाला. मनोविकारशास्त्रात याच्या नेमके उलट घडते: आपले माणूस तोतया ठरते. १९२३ साली जोसेफ कॅपग्रा या फ्रेंच वैद्याने अशा एका स्त्रीची हकीकत नोंदवली, आणि हा भ्रम आज त्याच्या नावाने ओळखला जातो. चेन्नईत वैद्यकाचे शिक्षण घेतलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९७ साली विल्यम हर्स्टाइन यांच्यासह वर्णिलेला तरुण, अपघातात डोक्यास मार लागल्यावर, आईवडिलांना समोर पाहून तोतये म्हणे. दूरध्वनीवर त्यांचा आवाज ऐकताच मात्र तो त्यांस निःशंक ओळखी. चेहरा ओळखणारी वाट शाबूत, पण त्या चेहऱ्याशी निगडित जिव्हाळा जागवणारी वाट तुटलेली, असा याचा उलगडा त्यांनी केला.

हाच तोतया कधी आरशात प्रकटतो. ऑस्ट्रेलियात नोरा ब्रीन, मॅक्स कोल्टहार्ट प्रभृतींनी २००१ च्या सुमारास दोन वृद्धांचा अभ्यास केला. एकाची चेहरे पारखण्याची शक्तीच क्षीण झाली होती. दुसऱ्याची ती ठीक होती, परंतु आरसा हा आरसा आहे हे भान गेले होते आणि काच त्यास खिडकीसारखी भासे. वाटा भिन्न, तरी काचेतला मनुष्य मी नव्हे हा निष्कर्ष दोघांचा एकच. कोल्टहार्ट म्हणतात की एवढ्याने भ्रम होत नाही. असंभाव्य कल्पना मनात आल्यावर तिची छाननी करून ती फेटाळणारी यंत्रणाही बिघडावी लागते. मला हे मत ग्राह्य वाटते, कारण असा रुग्ण इतर बाबतींत पुष्कळदा सुसंगत बोलतो, शेजारी उभ्या पत्नीचे प्रतिबिंब बिनचूक ओळखतो, आणि केवळ स्वतःपाशी येऊन अडतो. त्यास वेडा म्हणणे किंवा घरात बाहेरची बाधा आली असे समजून देवऋषी गाठणे, दोन्ही अन्यायाचे आहे.

हा भ्रम बहुधा स्मृतिभ्रंशाच्या आजारात उद्भवतो, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसे त्या आजाराने ग्रस्त आहेत. बंगळूर काय किंवा पुणे काय, मुले नोकरीवर गेलेल्या घरात दिवसभर एकटा बसणारा वृद्ध आरशातल्या पाहुण्याशी बोलू लागला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. ‘अहो, हे तुम्हीच’ असे शंभरदा सांगून त्याची खात्री पटत नाही, उलट भीती वाढते. आरशावर चादर टाकावी किंवा तो काढून ठेवावा, रात्रीच्या काळोख्या काचेवर पडदा ओढावा, आणि मेंदूच्या वैद्यास दाखवावे. मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तिचे शिखर-समन्वय केंद्र निम्हान्स हेच आहे.