ऊन बाधले की गोळी?

मराठवाड्यात ऊन कुणाला नवे नाही. त्यामुळे चेहऱ्यावर, हातांवर लाल चट्टे उठले की 'ऊन बाधले', 'उष्णता वाढली' असे म्हणून आपण मोकळे होतो. मग सब्जा, गुलकंद, कोरफड असे घरगुती उपाय सुरू होतात. पण जन्मभर उन्हात वावरलेल्या माणसाला यंदाच ऊन का बाधावे? पुष्कळदा याचे उत्तर औषधांच्या डब्यात सापडते.

काही औषधे रक्तावाटे त्वचेत पोचतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यांच्यावर पडले की ती किरणांची शक्ती शोषून घेतात व आसपासच्या पेशींना इजा होते. काही तासांतच आग होते, त्वचा लाल होते, कधी फोड येतात. हा प्रकार जास्त आढळतो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात एक ते तीन दिवसांनी इसबासारखे खाजरे पुरळ उठते व ते झाकलेल्या भागावरही पसरू शकते.

ही औषधे कोणती?

रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड हे त्यांतले नेहमीचे. अनेक जोडगोळ्यांच्या नावापुढे 'एच' अक्षर असते, ते याचेच. सूज उतरवणारे फ्रुसेमाइड, मुरुमांसाठी व लेप्टोस्पायरोसिससारख्या तापात दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, गजकर्णावरचे ग्रिसिओफल्विन, सांधेदुखीवरचे पायरॉक्सिकॅम, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमिओडॅरोन हीही त्यांपैकीच. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायच्या कीटोप्रोफेनच्या जेलनेही असा त्रास होतो. अर्थात, ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकाला तो होतोच असे नाही.

आपल्याकडे कोडावर बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याची जुनी पद्धत आहे. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते व ते त्वचेला उन्हाबाबत हळवे करते. त्याच गुणाचा उपयोग त्वचारोगतज्ज्ञ मोजूनमापून करतात. अंदाजाने तेल लावून तासभर उन्हात बसलेल्याच्या अंगावर मात्र भाजल्यासारखे फोड येतात.

ओळखायचे कसे?

चट्टे कुठे आहेत ते नीट पाहा. कपाळ, नाक, गाल, गळ्याखालचा उघडा त्रिकोण, हातांची मागची बाजू येथे ते असतात. हनुवटीखालची, कानामागची व कपड्याखालची त्वचा स्वच्छ राहते. रोज एसटीने खिडकीशी बसून पैठण किंवा जालन्याला जाणाऱ्याचा उन्हाकडचा एकच हात लाल झालेला असू शकतो. कारण अतिनील किरणांपैकी 'ए' प्रकारचे किरण काचेतून आत येतात. ते ढगांतूनही येतात, म्हणून पावसाळ्यातही गाफील राहू नये.

गोळी परस्पर बंद करू नका

खरा धोका येथेच आहे. चट्ट्यांचे कारण कळल्यावर काही जण रक्तदाबाची गोळीच सोडून देतात. चट्टे जातात, पण रक्तदाब वाढत राहतो आणि तो कळतही नाही. पुढे पक्षाघात झाला तर चट्ट्यांची किंमत फार मोठी मोजावी लागते. बहुतेक औषधांना पर्याय असतो, पण तो डॉक्टरांनी निवडायचा. दवाखान्यात जाताना सर्व औषधांची पाकिटे सोबत न्या. मलमे, आयुर्वेदिक तेले व चूर्णेही दाखवा. मेडिकलमधून आपल्या मनाने स्टिरॉइडची मिश्र मलमे आणून लावू नका.

तोवर सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत ऊन टाळा. शेतमजूर, फेरीवाले यांना ते नेहमी शक्य नसते, हे मी जाणतो. त्यांनी पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा घालावा. गांधी टोपीला कड नसल्याने कान, मान व चेहरा उघडाच राहतो. त्यापेक्षा रुमाल किंवा उपरणे मानेवर येईल असे बांधावे. स्कूटीवर जाणाऱ्या मुली स्कार्फ बांधतात, हातमोजे घालतात, ते योग्यच आहे. सनस्क्रीन घेताना एसपीएफ 30 च्या वरचे व 'ए' किरणांनाही अडवणारे घ्यावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आग होत असेल तर थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

अंगभर फोड, ताप, तोंडात व्रण किंवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर ती साधी उन्हाची बाधा समजू नका. त्याच दिवशी घाटीत किंवा जवळच्या रुग्णालयात जा. चट्ट्यांसोबत सांधे दुखत असतील, केस गळत असतील, तर ल्युपससारख्या आजाराची तपासणी करून घ्यावी लागते.

नवीन औषध लिहून दिले की ते जेवणाआधी घ्यायचे की नंतर, हे आपण विचारतोच. त्याच वेळी 'हे घेऊन उन्हात काम केले तर चालेल का?' एवढेही डॉक्टरांना विचारावे.