घराचा लिलाव झाला, आता काय?

सकाळी नळाला पाणी आलेले असते. बायका हंडे भरत असतात. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ कागद घेऊन दारात उभे राहतात. ‘‘हे घर मी कोर्टाच्या लिलावात घेतले आहे, खाली करा.’’ घरातली विधवा सून गांगरून जाते. कर्ज थोरल्या दिराने काढलेले, तिला त्याचा पत्ताही नाही. घर मात्र सासऱ्यांच्या नावावरचे.

वाचकहो, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी रडत बसू नये, हमरीतुमरीवरही येऊ नये. कायद्यात वाट आहे.

सासरे मृत्युपत्र न करता वारले असतील, तर १९५६ च्या वारसा कायद्याने या सुनेलाही घरात वाटा मिळतो. नावात ‘हिंदू’ असला तरी हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. दिराच्या कर्जापायी दिराचा वाटा जाईल, तिचा का जावा? जप्तीच्या वेळीच कळले असते तर तिला त्याच कोर्टात हरकत घेता आली असती. लिलाव होऊन गेला असेल तर वेगळा दावा करावा लागतो. त्यात लिलावात घर घेणाऱ्याबरोबर सावकार आणि दीर यांनाही पक्षकार करावे लागते.

पण दावा वर्षानुवर्षे चालतो. तोवर घर पाडले किंवा तिसऱ्यालाच विकले तर? यासाठी दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करायचा असतो. लोक त्याला ‘स्टे’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या आदेशात त्याची तरतूद आहे. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. अर्जदाराच्या हक्काला प्रथमदर्शनी आधार आहे का? हुकूम न दिल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का? आणि हुकूम दिल्याने किंवा न दिल्याने जास्त त्रास कोणाला होईल? समोरच्यानेही लिलावाच्या दिवशी पाव रक्कम आणि पंधरा दिवसांत उरलेली रक्कम भरलेली असते, हेही कोर्ट विसरत नाही.

सहसा समोरच्याला नोटीस दिल्यावरच हुकूम होतो. फारच तातडी असेल तर कारणे नोंदवून एकतर्फी हुकूम देतात. मग तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

एक मात्र ध्यानात ठेवा. मनाई हुकूम म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. स्टे मिळाला म्हणून निर्धास्त होऊन तारखा चुकवणारे शेवटी घर गमावतात.

ज्याच्यावर हुकूमनामा झाला त्या कर्जदारालाही वाट आहे. लिलावापासून ६० दिवसांत जाहीरनाम्यातली येणे रक्कम आणि लिलावाच्या किमतीच्या पाच टक्के भरले तर लिलाव रद्द करता येतो. लिलावात लबाडी किंवा मोठी अनियमितता होऊन आपले खरेच नुकसान झाले असेल, तर त्यासाठीही तेवढ्याच मुदतीत अर्ज करता येतो. मात्र हे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालत नाहीत.

बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कारवाई केली असेल तर रस्ता वेगळा. तिथे दिवाणी कोर्ट सहसा स्टे देऊ शकत नाही. कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. अनेक जण इथेच चुकतात. चुकीच्या कोर्टात हेलपाटे घालतात आणि मुदत निघून जाते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जातीचा दाखला घेऊन जा.

आणि भगिनींनो, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, वीजबिले, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला एका पिशवीत नीट जपून ठेवा. कोर्टाची नोटीस आली तर ती घेण्याचे टाळू नका. त्याच दिवशी कोणा जाणत्याकडून वाचून घ्या.